बिनसवयीच्या हाताने वस्तऱ्याची दाढी : पूर्वतयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

घरी वस्तऱ्याने दाढी करायला शिकलेले बरेच जण दोन-तीन महिन्यांनी एकाच ठिकाणी येऊन अडतात. उजवा गाल स्वच्छ होतो, डावा गाल मात्र दर वेळी खरखरीत राहतो किंवा कानाच्या पाळीखाली आणि जबड्याच्या कडेवर चरा उठतो. मग कोणीतरी सांगते की डाव्या बाजूला डावा हात वापरावा. माणूस दुसऱ्याच दिवशी वस्तरा डाव्या हातात घेतो, दोन ठिकाणी कापून घेतो आणि हे आपल्याला जमायचे नाही असे ठरवून पुन्हा उजव्या हातावर येतो. इंदूरमधल्या माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांना शिकवताना मी हेच पाहिले आणि सुरुवातीला माझेही हेच झाले होते.

चूक डाव्या हाताची नसते. वस्तऱ्याच्या दाढीत दोन्ही हातांना काम असते : एक हात वस्तरा चालवतो आणि दुसरा त्वचा ताणून धरतो. वस्तरा डाव्या हातात गेला की ताणण्याचे काम उजव्या हाताकडे येते, आणि हे काम उजव्या हाताने आयुष्यात कधी केलेले नसते. मी पहिल्यांदा हात बदलला तेव्हा जखम गालावर झाली नाही, उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला झाली. ते बोट पात्याच्या वाटेत उभे होते आणि ते तिथे असल्याचे मला रक्त दिसेपर्यंत कळले नाही. रामबागेतल्या आमच्या गल्लीत सलून चालवणाऱ्या वयस्क काकांना ते बोट दाखवले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, डाव्याला चालायला शिकवलंत, पण उजव्यानं उभं कुठं राहायचं ते ठरवलंच नाहीत." या लेखातला क्रम त्या एका वाक्यावर उभा आहे.

लेख उजव्या हाताची सवय असलेल्यांसाठी लिहिला आहे. डावखुऱ्या वाचकांनी डावे तिथे उजवे आणि उजवे तिथे डावे असे वाचावे. वस्तरा त्वचेवर टेकवल्यापासून उचलेपर्यंतच्या एका हालचालीला पुढे 'ओढ' म्हटले आहे.

हात का बदलायचा आणि कुठे

न्हाव्याला हात बदलण्याची फारशी गरज पडत नाही, कारण तो खुर्चीभोवती फिरतो. आपल्याला स्वतःच्या चेहऱ्याभोवती फिरता येत नाही. उजवा हात डाव्या गालावर न्यायचा तर तो नाकासमोरून जातो आणि आरशातला नेमका हवा तो भाग झाकून टाकतो. शिवाय मनगट आतल्या बाजूला वळल्यामुळे वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, त्वचेपासून नकळत वर उचलली जाते, कोन वाढतो आणि धार केस कापण्याऐवजी त्वचा खरवडू लागते. डाव्या गालाची आग होते ती बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून डावा हात हवा तो डावा गाल, जबड्याची डावी बाजू आणि मानेचा डावा भाग यांसाठी. हनुवटी आणि ओठावरचा भाग यांची घाई करू नये. तिथे कित्येक जण कायम सवयीचा हातच वापरतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

कोणी थांबावे

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील किंवा हाताला कंप असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा सराव सुरू करू नये. चेहऱ्यावर मुरमे किंवा पुळ्या असतील तर त्या बसेपर्यंत थांबावे. आणि ज्यांना सवयीच्या हाताने अजून सलग दहा-बारा दाढ्या न कापता करता आलेल्या नाहीत, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तेवढे साधावे. योग्य कोनाची ओळख हाताला एकदा झालेली असावी लागते. ती नसेल तर डाव्या हाताने कशाची नक्कल करायची हेच त्याला समजत नाही.

पूर्वतयारी : वस्तरा, पाणी, आरसा

वस्तरा गोल टोकाचा आणि पाच अष्टमांश इंच रुंदीच्या पात्याचा घ्यावा. चौकोनी, अणकुचीदार टोकाचा वस्तरा नव्या हाताला कानाजवळ आणि नाकपुडीखाली हमखास टोचतो. सलूनमध्ये अर्धे ब्लेड घालून वापरतात तो वस्तरा यासाठी नको. तो हलका असतो, त्याच्या ब्लेडचे कोपरे उघडे राहतात आणि कोनातली थोडीशी चूकही तो पोटात घालत नाही. हात बसल्यावर तो खुशाल वापरावा.

वस्तरा पूर्ण धारेचा असावा. नव्या हाताला बोथट वस्तरा सुरक्षित, असे अनेकांना वाटते, पण ते अगदी उलट आहे. बोथट वस्तरा चालवायला दाब द्यावा लागतो आणि ज्या हाताला दाबाचा अंदाज नाही त्याच्या हातून दाब दिला गेला की खाप पडते. दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर पंचवीस-तीस फेऱ्या वस्तरा परजून घ्यावा. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून वस्तरा ओढावा, टोकाला पोहोचल्यावर पाठीवरच उलटावा आणि पट्टा ताठ ठेवावा.

सावध : परजण्याचे काम सवयीच्या हातानेच करावे. सर्व काही डाव्याने करायचे या उत्साहात पट्टा कापला जातो आणि धारही गोल होते. डाव्या हाताला परजणे शिकवून काहीच साधत नाही.

पाण्याकडे इंदूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता दह्यासारख्या कण्या होतात आणि तो फेस चेहऱ्यावर मिनिटभरात सुकतो. सवयीचा हात तेवढ्या वेळात गाल उरकतो, पण नवा हात सावकाश चालतो आणि अर्ध्या वाटेवर कोरड्या त्वचेवर येतो. नर्मदेचे पाणी नळाला आले की एक तांब्या दाढीपुरते बाजूला काढून ठेवावे, नाहीतर पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. दाढीला तेवढे पुरते. फेस नेहमीपेक्षा थोडा ओलसर ठेवावा. ब्रश उचलल्यावर फेसाचे टोक ताठ उभे न राहता किंचित वाकले पाहिजे.

दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा गरम पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरावा. भिजलेला केस मऊ होतो आणि कमी जोराने कापला जातो. पौष-माघातल्या सकाळी दोन्ही हातही मिनिटभर गरम पाण्यात धरावेत, कारण गारठलेल्या बोटांना वस्तऱ्याचे वजन कळत नाही.

आरसा डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि उजेड समोरून यावा. डोक्यावरच्या दिव्याने जबड्याखाली सावली पडते, आणि सर्वांत जास्त कापले जाते ते त्या सावलीतच. घरातल्यांना दहा मिनिटे दार वाजवू नका असे सांगून ठेवावे. मोबाइल बाहेर ठेवावा.

टप्पा १ : दाढीचा नकाशा

दोन दिवसांचे खुंट वाढलेले असताना, कोरड्या चेहऱ्यावर बोटाचे टोक चारही दिशांना फिरवावे. ज्या दिशेने गुळगुळीत लागते ती केसांची दिशा आणि ज्या दिशेने अडते ती उलट दिशा. कागदावर चेहऱ्याची बाह्याकृती काढून तिच्यावर बाण मारावेत. गालांवर बाण बहुधा खालीच जातात. मानेवर मात्र पुष्कळांचे केस आडवे किंवा चक्क वर जाणारे असतात आणि डाव्या-उजव्या बाजूंची दिशा सारखी असेलच असे नाही. उजव्या बाजूची सवय डाव्या बाजूला जशीच्या तशी लावल्यामुळे झालेल्या कितीतरी जखमा मला ठाऊक आहेत. कागद आरशाच्या कडेला चिकटवून ठेवावा.

टप्पा २ : धारेशिवाय सराव

पहिला आठवडा वस्तऱ्याला डाव्या हाताने स्पर्शही करू नये. फेस लावण्याचा ब्रश मात्र त्या आठवड्यात डाव्या हाताने फिरवावा, म्हणजे डाव्या हाताला चेहऱ्याचे चढउतार कळू लागतात आणि आरशातल्या हालचालीची सवय होते.

त्यानंतर मुदत संपलेले एखादे प्लास्टिकचे कार्ड घ्यावे. डाव्या गालाला फेस लावून कार्डाची लांब कड वस्तऱ्यासारखी धरावी आणि तिने फेस उतरवावा. कड त्वचेपासून साधारण ३० अंशांवर ठेवावी. पुस्तक अर्धवट उघडले की पानांचा कोन जेवढा होतो त्याहून हा कोन बराच कमी असतो, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक ओढ दोन-तीन सेंटिमीटरची असावी. या वेळी उजव्या हातानेही आपले काम करायचे आहे. ते कसे, हे चौथ्या टप्प्यात आहे. तो टप्पा वाचूनच कार्ड हातात घ्यावे.

तपासणी : कार्डाने फेस उतरवल्यावर त्वचेवर पांढऱ्या रेघा राहत असतील तर कड सगळीकडे टेकत नाही. गाल लालसर होत असेल तर दाब जास्त आहे. सलग तीन दिवस दोन्ही खुणा दिसल्या नाहीत तरच पुढे जावे.

टप्पा ३ : डाव्या हातात वस्तरा धरणे

वस्तरा बंद असतानाच टेबलाशी बसून बोटांच्या जागा ओळखून घ्याव्यात, मग तो उघडून पकड बसवावी. पाते आणि शेपटी (खिळ्यापलीकडे आलेले वळणदार टोक) यांच्यामध्ये जी मान असते तिच्या खालच्या बाजूला अंगठा, वरच्या बाजूला तर्जनी, मधले बोट आणि अनामिका, आणि शेपटीच्या वळणावर करंगळी. वस्तऱ्याची मूठ, म्हणजे पाते ज्यात मिटते तो दांडा, मागे नेऊन अनामिका आणि करंगळी यांच्यामधून वर उभी राहू द्यावी. वस्तऱ्याचे वजन बोटांवर तोललेले जाणवले पाहिजे. मुठीत आवळलेला वस्तरा चालत नाही.

डावा हात नवखा असल्यामुळे तो घट्ट धरतो. घट्ट धरलेल्या हाताचे मनगट ताठरते आणि मनगट ताठरले की ओढ खांद्यातून येते. उघडा वस्तरा हवेत धरून मनगट सावकाश डावी-उजवीकडे हलवून पाहावे आणि नखांकडे लक्ष द्यावे. नखे पांढरी पडत असतील तर पकड सैल करावी.

टप्पा ४ : उजव्या हाताला उभे राहायला शिकवणे

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात. तो गाळला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे सावकाश जावे.

नियम एकच आहे : बोटे पात्याच्या मागे असावीत आणि ओढीच्या उलट दिशेने त्वचा ओढावी. वस्तरा खाली येत असेल तर बोटे वर असतात आणि वर ओढतात. पाते ज्या दिशेने निघाले आहे त्या वाटेवर कोणतेही बोट कधीही नसावे. माझे बोट नेमके त्या वाटेवर होते. सवयीच्या मांडणीत डावा हात हा नियम न सांगता पाळत असे, म्हणून असा काही नियम आहे हेच मला माहीत नव्हते.

डाव्या गालासाठी उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यावा आणि मधल्या दोन बोटांची टोके डाव्या कल्ल्याच्या वर, कानशिलाशी टेकवून त्वचा वर ओढावी. पहिल्यांदा हे फार विचित्र वाटते आणि खांदा भरून येतो. तरीही हीच रीत धरावी. उजवा हात चेहऱ्यासमोरून डाव्या गालावर नेला तर आरसा पुन्हा झाकला जातो, आणि ज्या कारणासाठी हात बदलला ते कारणच संपते.

बोटे ओल्या त्वचेवर घसरतात. तुरटीचा खडा ओला करून उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर चोळावा आणि बोटे क्षणभर सुकू द्यावीत. पकड एकदम बदलते. बोटे जिथे टेकायची तिथे फेस लावू नये, लागला असेल तर पंचाने पुसून घ्यावा.

ताण किती द्यायचा? गालावरचा खळगा भरून त्वचा सपाट दिसेल इतका. तोंडाचा कोपरा वर खेचला जाऊन दात दिसू लागले तर ताण जास्त झाला. त्वचा वाजवीपेक्षा ताणली की केस मुळाशी कापले जातात, मग त्वचा सोडल्यावर आत जातात आणि तिथे पुळी धरते.

आता वस्तऱ्याविना, केवळ कार्ड घेऊन, दोन्ही हातांचा क्रम म्हणत सराव करावा : आधी ताण, मग टेकवणे, मग ओढ, मग उचलणे, आणि शेवटी ताण सोडणे. सुरुवातीला ताण आणि ओढ एकदम सुरू होतात, आणि पाते टेकलेले असतानाच त्वचा खालून सरकते. धार जागच्या जागी राहून त्वचा तिच्याखाली आडवी सरकली तरी ती कापतेच. म्हणून पाते त्वचेवर असेपर्यंत उजवा हात दगडासारखा स्थिर हवा.

तपासणी : डोळे मिटून उजवा हात डोक्यावरून न्यावा आणि बोटे कल्ल्याच्या वर टेकवावीत. डोळे उघडल्यावर बोटे पाच वेळांपैकी पाचही वेळा योग्य जागी सापडली, तर पाचव्या टप्प्याला हात घालावा.

टप्पा ५ : पहिली पट्टी

पहिल्या दिवशी डाव्या हाताने फक्त दोन बोटे रुंदीची पट्टी करायची आहे : डाव्या कल्ल्याच्या खालून तोंडाच्या कोपऱ्याच्या उंचीपर्यंत, केसांच्या दिशेने. चेहऱ्यावरची ही सर्वांत सपाट जागा आहे. आधी सवयीच्या हाताने उजवी बाजू पूर्ण करावी, म्हणजे योग्य कोन कसा लागतो याची आठवण ताजी राहते.

पाते आधी त्वचेवर आडवे टेकवावे आणि मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीएवढी किंवा फार तर दीडपट वर उचलावी. हा कोन ओढ संपेपर्यंत बदलू नये. ओढ धारेच्या काटकोनात खाली यावी. पाते धारेच्या लांबीच्या दिशेने जराही सरकले तर सुरीने टोमॅटो कापावा तसे ते त्वचा कापते. दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते.

कान उघडे ठेवावेत. कोन नीट असेल तर कापलेल्या केसांची बारीक, एकसारखी चुरचुर ऐकू येते. काहीच आवाज नाही आणि फेस तेवढा निघाला, तर पाते फार झोपलेले आहे. जाड खरडल्यासारखा आवाज आला तर पाठ फार उचलली गेली आहे. बाथरूममध्ये नळ चालू ठेवू नये, म्हणजे हा फरक ऐकू येतो. मला डाव्या हाताचा कोन डोळ्यांनी कधीच नीट कळला नाही, कानांनी मात्र तिसऱ्या दिवशी कळला.

उरलेला डावा गाल नेहमीप्रमाणे उजव्या हाताने करावा. तीन-चार दाढ्या एवढीच पट्टी ठेवावी आणि मग ती मागे कानापर्यंत आणि पुढे नाकाच्या बाजूपर्यंत वाढवावी. रोज प्रगती दिसली पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांचा हात पाचव्या-सहाव्या दिवशी कापतो, कारण तोवर भीती गेलेली असते आणि कसब अजून आलेले नसते.

सावध : वस्तरा एका हातातून दुसऱ्या हातात हवेतल्या हवेत कधीही देऊ नये. तो कोरड्या पंचावर, धार आपल्यापासून दूर करून ठेवावा, दोन्ही हात पुसावेत, गालाला नव्याने फेस लावावा आणि मग दुसऱ्या हाताने उचलावा. ओल्या बोटांतून वस्तरा निसटला तर झेलायला जाऊ नये. हात मागे घ्यावा आणि पाय बाजूला करावेत. बेसिनवर आपटून धारेचा टवका उडाला तर ती धार कारागीर पुन्हा काढून देतो.

टप्पा ६ : जबड्याची कड

गाल पूर्णपणे डाव्या हाताचा झाला, दोन आठवडे त्यावर चरा नाही, मग जबड्याकडे वळावे. इथे हाड त्वचेच्या लगेच खाली असते आणि पृष्ठभाग अचानक वळतो. वळणाबरोबर वस्तरा वळवायचा प्रयत्न केला की नव्या हाताचा कोन सुटतो.

उपाय असा की वस्तरा वळवायचाच नाही, त्वचा हलवायची. मान किंचित उजवीकडे वळवावी, उजव्या हाताने गालाची त्वचा वर ओढावी, म्हणजे जबड्याच्या कडेवरचे आणि तिच्या लगेच खालचे केस सरकून गालाच्या सपाट भागावर येतात. मग तिथे गालावर देतो तशीच ओढ द्यावी. ओढ एक सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी. पात्याचा मधला भाग वापरावा, टोक नको. पाळीखाली, जिथे जबडा कानाकडे वर चढतो, तिथे आरशात दिसत नाही म्हणून पाते आंधळेपणाने नेऊ नये. डोके आणखी वळवून ती जागा दिसेपर्यंत थांबावे.

टप्पा ७ : मान

मानेवर नकाशा समोर ठेवूनच काम करावे. डाव्या मानेचे केस खाली जात असतील तर हनुवटी वर करून, डोके उजवीकडे कलवून, उजव्या हाताची बोटे जबड्यावर टेकवावीत आणि त्वचा वर ओढून वस्तरा खाली आणावा. केस वर जात असतील तर बोटे गळपट्टीच्या हाडाशी नेऊन त्वचा खाली ओढावी आणि वस्तरा वर न्यावा. दोन्ही वेळा बोटे पात्याच्या मागेच आहेत, हे ओढीपूर्वी मनाशी म्हणून घ्यावे.

घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, डाव्या हाताने काम करूच नये. मधला भाग उजव्या हाताकडे ठेवून डाव्याने फक्त बाजू करावी. घाटीजवळच्या ओढीपूर्वी आवंढा गिळून तिथेच धरला तर त्वचा थोडी बाजूला सरकते, पण हेही सवयीच्या हाताने करायचे.

मानेवर एखादी जागा खरखरीत राहिली तर तिच्यावर कोरडे पाते पुन्हा फिरवू नये. फेस लावावा आणि एकदाच ओढ द्यावी. तरीही राहिली तर राहू द्यावी.

टप्पा ८ : हनुवटी आणि ओठावरचा भाग

गाल, जबडा आणि मान महिनाभर निर्वेध झाल्यावर, ज्यांना हवे असेल त्यांनी ओठावरचा डावा अर्धा भाग डाव्या हाताने करून पाहावा. वरचा ओठ दातांवर खाली ओढून घ्यावा, नाकाचे टोक उजव्या हाताने किंचित वर उचलावे आणि अगदी छोट्या ओढींनी खाली यावे. हनुवटीचे केस सर्वांत राठ आणि वेगवेगळ्या दिशांचे असतात. मी स्वतः हनुवटी आजही उजव्या हातानेच करतो.

उलटी दाढी, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेची फेरी, पहिले दोन महिने डाव्या हाताने करू नये. ती सुरू करताना आधी आडवी फेरी पंधरा दिवस करून बघावी, आणि उलट्या फेरीत पाठ आणखी खाली, जवळजवळ त्वचेला लागेल इतकी ठेवावी.

तुरटीची परीक्षा

दाढी झाल्यावर गार पाण्याने चेहरा धुऊन तुरटीचा ओला खडा दोन्ही गालांवर सारख्याच हाताने फिरवावा आणि मिनिटभर थांबावे. जिथे चुरचुरते तिथे पात्याने त्वचा खरवडली आहे. ती जागा नकाशाच्या कागदावर पेन्सिलीने टिपावी. आठवडाभराच्या खुणा एकत्र पाहिल्या की चूक कुठे होते ते उघड होते : खुणा कल्ल्याखाली जमल्या असतील तर ओढीच्या सुरुवातीला पाठ उचलली जाते, तोंडाच्या कोपऱ्याजवळ जमल्या असतील तर ओढ संपताना मनगट वळते, आणि सगळीकडे विखुरलेल्या असतील तर दोष ताणात आहे, म्हणजे उजव्या हातात. असे झाले तर चौथ्या टप्प्यावर परत जाऊन दोन दिवस पुन्हा कार्ड हाती घ्यावे.

कापलेच तर गार पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने चार-पाच मिनिटे न उघडता दाबून धरावे आणि मग तुरटी लावावी. त्या दिवशी त्या भागावर वस्तरा पुन्हा नेऊ नये. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते ते तिथे सांगावे. वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा. बापलेकांनीही एक वस्तरा वापरू नये.

शेवटी पाते आणि खिळ्याजवळची फट गार पाण्याने धुऊन, धारेला आडवे न पुसता पाठीकडून धारेकडे टिपून कोरडी करावी. पावसाळ्यात पात्यावर खोबरेल तेलाचा नव्हे, तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पसरावा, कारण खोबरेल कालांतराने चिकट होते आणि इंदूरच्या थंडीत गोठते. वस्तरा बंद करताना तो सवयीच्या हाताने बंद करावा. दाढी संपली म्हणून लक्ष उडालेले असते आणि डाव्या हाताचा अंगठा तेव्हा धारेच्या बाजूला असतो.